कोंडवाडा, पाउंड आणि उघडी डिकी

माझं सामान फार नाही. पुस्तकांची अकरा खोकी, लिहायचं एक टेबल, एक गादी, कुकर, आईने बॅगेत कोंबलेलं पोळपाट-लाटणं आणि कपड्यांच्या दोन बॅगा. पोस्टडॉकची नोकरी दोन-तीन वर्षांच्या करारावर असते, त्यामुळे जे उचलता येणार नाही ते विकत घ्यायचं नाही हे कुणी न सांगताच कळतं. चार वर्षांतलं हे माझं तिसरं घर. सप्टेंबरातल्या एका शनिवारी नॉटिंगहॅमच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, काकांच्या गाडीतून, तीन खेपांत मी ते बदललं.

काका म्हणजे सख्खे नव्हेत. मंडळाच्या गणपतीत ओळख झाली, काकूंनी डबा भरून दिला, आणि पुढे ती काका-काकूच झाली. काका १९७९ साली इथल्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून आले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्या दिवसापुरतं माझं नाव त्यांनी स्वतःहून गाडीच्या विम्यात घातलं होतं.

नऊ दिवसांनी त्यांचा फोन आला. "अगं, पत्र आलंय. तुझ्या नव्या घराचा पत्ता दिसतोय त्यात. शंभर पौंड म्हणतायत. चौदा दिवसांत भरले तर साठ."

नव्या इमारतीच्या मागे एक फरसबंद अंगण आहे. तिथे आखलेल्या जागा ठरावीक भाडेकरूंच्या. मला जागा नाही, कारण मला गाडीच नाही. मी मागच्या दारासमोर गाडी थांबवली, टेबल खाली काढलं, एका शेजाऱ्याच्या मदतीने दुसऱ्या मजल्यावर चढवलं आणि परत आले. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढून गेलं होतं. काचेवर काही लावलं नाही. सरळ टपालाने पत्र धाडलं, तेही गाडी ज्यांच्या नावावर आहे त्यांना.

"मी भरून टाकतो," काका म्हणाले. "इतकी वर्षं इथे काढली, कधी कुणाच्या कागदावर नाव आलं नाही. साठ पौंडांसाठी कशाला नसती भानगड?"

मला दोन गोष्टींची लाज वाटली. एक, उसनी गाडी आणून त्यांच्या घरी हे पत्र पोचवलं. दुसरी, साठ पौंड म्हणजे माझा आठवड्याचा किराणा आणि वर थोडं, आणि ते त्यांनी भरलेले मला चालले असते असं क्षणभर वाटून गेलं. मी म्हटलं, "काका, दोन दिवस थांबा. भरू नका." ते थांबले, पण नाखुशीने.

मी वकील नाही. जुन्या मुंबई इलाख्यातल्या गायरानांचा इतिहास हा माझा विषय. तरीही ते पत्र वाचताना मला ओळखीचा वास आला. दुसऱ्याच्या जमिनीवर आलेलं जनावर, ते धरणारा माणूस, आणि सोडवायला आलेल्या मालकाकडून घ्यायचे पैसे, हे सगळं मी कागदपत्रांत वाचत आले आहे. फक्त इथे म्हशीच्या जागी गाडी होती.

तुमच्यापैकी अनेकांच्या गावी चावडीजवळ कोंडवाडा असेल. माझ्या आजोळी होता. दगडी चौकोन, एक फाटक, आत चिखल. लहानपणी तो ओसच पाहिला, पण आजीच्या बोलण्यात तो भरलेला असायचा. कुणाची तरी म्हैस कुणाच्या तरी ज्वारीत शिरायची आणि संध्याकाळी घरातलं कुणीतरी पैसे घेऊन चावडीकडे निघायचं. आपल्याला हा गावगाड्याचा पुरातन भाग वाटतो. त्याला कायद्याचं रूप मात्र इंग्रजांनी दिलं. १८७१चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा म्हणजे त्या वर्षीचा पहिलाच कायदा. शेत कसणाऱ्याने आपल्या शेतात शिरलेलं जनावर धरावं, चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावं, मालकाने ठरलेला दंड भरावा, वर दाणापाण्याचा खर्च द्यावा, आणि कुणी सोडवायला आलंच नाही तर जनावराचा लिलाव व्हावा. धरलेलं जनावर जबरदस्तीने सोडवून नेलं तर सहा महिन्यांपर्यंत तुरुंग किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. १८७१ साली पाचशे रुपये!

या कायद्याने गरिबांचे हाल केले, यात शंका नाही. इलाख्यात जंगलखातं टेकड्या आणि गायरानं ताब्यात घेत होतं त्याच काळातला हा कायदा. गुरांना चरायला जागा उरली नाही, याबद्दल जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये किती पोटतिडकीने लिहिलं आहे ते तुम्हाला ठाऊक असेल. पण एवढ्या कठोर कायद्यातसुद्धा दोन अटी होत्या. पहिली अशी की जनावर नुसतं जमिनीवर असून भागत नाही, त्याने जमिनीचं किंवा पिकाचं नुकसान करत असायला हवं. दुसरी अशी की बेकायदा धरलं असेल तर मालकाला दहा दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करता येते आणि भरपाई मिळू शकते. माझ्या पत्राशी ताडून पाहताना त्या दोन अटी माझ्या डोक्यातून जाईनात.

ही कल्पना इंग्रजांनी आपल्या घरूनच आणली होती. इंग्लंडच्या खेड्यात कोंडवाड्याला पाउंड किंवा पिनफोल्ड म्हणत आणि तो सांभाळणाऱ्याला पिंडर. पैसे मोजायचा पौंड आणि जनावर कोंडायचा पाउंड यांचं इंग्रजी स्पेलिंग एकच. मुळं वेगळी, पण पत्र हातात असताना हा योगायोग फारसा गमतीचा वाटत नाही. नॉटिंगहॅमशायरच्या गावांत असे दगड-विटांचे कोंडवाडे अजून दिसतात. याच परगण्यात लॅक्स्टन नावाचं गाव आहे. तिथे मध्ययुगीन पद्धतीची खुली शेतं आजही कसतात. हिवाळ्याच्या तोंडाशी गावचे ज्युरी शेतं फिरून बघतात, आणि कुणी वाटेवर नांगर घातला असेल तर त्याला किरकोळ दंड करतात. किती दंड करावा, हा प्रश्न तिथे आपलाच शेजारी ठरवतो.

इंग्लंडमध्ये हा हक्क फार जुना. आपल्या जमिनीत शिरून नुकसान करणारी वस्तू नुकसानभरपाई मिळेपर्यंत अडकवून ठेवायची. वस्तू म्हणजे बहुतेक वेळा गाय-मेंढी. पण नॉटिंगहॅमने यातही एक विक्रम केला आहे. १८५२च्या ऑगस्टमध्ये एका प्रतिस्पर्धी कंपनीचं वाफेचं इंजिन इथल्या मिडलंड रेल्वेच्या स्टेशनात आलं. मिडलंडने ते आपल्या इंजिनांनी घेरलं, शेडमध्ये ढकललं आणि बाहेरचे रूळ उखडून टाकले. सुटायला सात महिने लागले. प्रकरण कोर्टात गेलं, आणि रुळांवर अडथळा करणारं इंजिन गुरासारखंच धरून ठेवता येतं, हे कोर्टाने मान्य केलं.

अर्थात धरणाऱ्याच्या हक्काला जुनी मर्यादाही होती. १२६७च्या मार्लबरोच्या कायद्यात जप्ती प्रमाणात असावी असं सांगितलं आहे. नुकसान दोन पेंढ्यांचं झालं असेल तर बैलजोडी धरून ठेवायची नाही.

आता गाडीकडे येऊ. रस्त्यावर गाडी उभी करायचे पैसे घेणं ही तशी अलीकडची गोष्ट. पहिला पार्किंग मीटर अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत १९३५च्या जुलैमध्ये लागला, लंडनच्या मेफेअरमध्ये १९५८च्या जुलैमध्ये. लंडनच्या रस्त्यांवर ट्रॅफिक वॉर्डन उतरले ते १९६०च्या सप्टेंबरात. त्यांच्या पहिल्याच पावतीचा धनी एक डॉक्टर होता. तो एका हॉटेलात हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला बघायला धावत गेला होता. लोकांनी आरडाओरडा केला आणि त्याचा दोन पौंडांचा दंड माफ झाला. ही गोष्ट मी काकांना फोनवर सांगितली. त्या आठवड्यात ते पहिल्यांदा हसले.

पण ते झाले सरकारी रस्ते. खासगी जमिनीवरची गाडी हा वेगळाच प्रकार, आणि तिथे कोंडवाडा अक्षरशः परत आला. चाकाला लावायचा लोखंडी जबडा डेन्व्हरच्या पोलिसांनी १९५५ साली वापरात आणला. बनवणारा होता तिथल्या सिम्फनीतला एक व्हायोलिनवादक. लंडनमध्ये पोलिसांनी तो १९८३ साली आणला. खासगी जमिनींच्या राखणदारांनी तो उचलला आणि त्यांचं भलतंच फावलं. गाडी हलवायची गरज नाही, ती उभी आहे तिथेच तिचा कोंडवाडा. शंभर पौंड टाका आणि सोडवा.

स्कॉटलंडच्या सर्वोच्च फौजदारी कोर्टाने १९९२ साली स्वच्छ सांगितलं की पैसे दिल्याशिवाय गाडी सोडणार नाही, ही खंडणी आहे, आणि दुसऱ्याची गाडी अशी अडकवणं ही चोरी. इंग्लंडमध्ये मात्र १९९०च्या दशकात ट्रुरो गावातल्या एका प्रकरणात जबडा लावणाऱ्यांनी तोच मध्ययुगीन हक्क पुढे केला: शेतात शिरलेली गाय आणि आवारात शिरलेली गाडी, फरक काय? अपील कोर्टाने तो मुद्दा मानला नाही. गाडीने काही नुकसान केलेलं नाही आणि जबडा लावायचा खर्च तुम्ही स्वतःहून ओढवून घेतला, असं म्हटलं. पण दुसऱ्या दाराने त्यांना आत घेतलं: तिथे पाटी होती, गाडीवाल्याने ती वाचली होती, म्हणजे जबडा लागेल हे त्याने स्वीकारलं होतं.

इथे सगळा डाव पलटला असं मला वाटतं. नुकसान किती, हा प्रश्न मागे पडला आणि पाटी वाचली का, हा प्रश्न पुढे आला. कोंडवाडा गेला आणि करार आला.

पाटीबद्दल कोर्टं पूर्वी फार काटेकोर असत. १९६४ साली एक नावाजलेला ट्रम्पेटवादक बीबीसीच्या कार्यक्रमाला जाताना लंडनच्या एका स्वयंचलित कार पार्कमध्ये शिरला. यंत्राने तिकीट पुढे केलं, त्याने ते घेतलं, आणि परत येताना तिथे तो जखमी झाला. कंपनी म्हणाली, आतल्या खांबावर अटी लावल्या होत्या. लॉर्ड डेनिंग यांनी १९७० साली निकाल दिला की यंत्रापुढे गाडी आली तेव्हाच करार झाला, नंतर दाखवलेल्या अटी त्यात येत नाहीत, आणि इतकी जाचक अट असेल तर ती ठळकपणे नजरेत आणून द्यायला हवी. पुढे २००० साली, हॉस्पिटलमधून निघालेली, वाटेत मळमळ झाली म्हणून एका मोकळ्या जागेत क्षणभर थांबलेली एक बाई परत आली तर चाकाला जबडा. पाटी एका मोठ्या गाडीमागे झाकली गेली होती. अपील कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला.

१ ऑक्टोबर २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जमिनीवर जबडा लावायला बंदी आली. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. पण त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात कंपन्यांना त्याच्या बदल्यात दुसरं काही मिळालं होतं. गाडी कोण चालवत होतं हे कळलं नाही, तरी काही अटी पाळल्या तर नोंदणीदाराकडून पैसे वसूल करता येतील. म्हणूनच पत्र काकांकडे गेलं. त्यांचा पत्ता कंपनीला वाहन नोंदणीच्या सरकारी कचेरीने दिला, एका नोंदीला अडीच पौंड घेऊन. २०१८-१९ मध्ये अशा ६८ लाख नोंदी कंपन्यांनी घेतल्या, २०२३-२४ मध्ये सुमारे १ कोटी २८ लाख. लोखंड गेलं, आणि गाडी न अडवता मालकाचा पत्ता विकत घेणं कितीतरी स्वस्त पडलं.

मग आला २०१५चा निकाल. माशांचं आणि बटाट्याच्या काचऱ्यांचं दुकान चालवणारे बॅरी बेव्हिस चेम्सफर्डमधल्या एका दुकानसंकुलाच्या कार पार्कमध्ये ५६ मिनिटं जास्त थांबले. दोन तास फुकट, पुढे ८५ पौंड. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि सहा विरुद्ध एक अशा मताने हरले. तोवर इंग्रजी कायद्यात एक जुनी कसोटी होती. १९१४ साली डनलॉप टायरच्या खटल्यात ती मांडली गेली. करार मोडल्याबद्दल आधीच ठरवलेली रक्कम ही होऊ शकणाऱ्या नुकसानीचा प्रामाणिक अंदाज असावी, निव्वळ धाक घालण्यासाठी नसावी. बेव्हिस यांच्या गाडीने कंपनीचं दमडीचंही नुकसान केलं नव्हतं. उलट ती जागा राखण्यासाठी कंपनीच जमीनमालकाला आठवड्याला हजार पौंड देत होती. न्यायाधीशांनी ठरवलं की नुकसान मोजायची गरज नाही. गाड्या हलत्या राहाव्यात यात कंपनीचं रास्त हित आहे, पाट्या मोठ्या आणि भरपूर आहेत, आणि ८५ पौंड त्या हिताच्या मानाने अवाच्या सवा नाहीत.

तो निकाल मी दोनदा वाचला. दुकानसंकुलाच्या बाबतीत मला तो अगदीच अन्यायाचाही वाटत नाही. सगळे दिवसभर गाड्या ठेवून बसले तर गिऱ्हाइकांनी जायचं कुठे? पण १८७१चा वसाहतीतला कायदासुद्धा 'नुकसान करत असेल तर' असं म्हणत होता, आणि २०१५ साली लंडनने तो शब्दच बाजूला ठेवला, हे वाचताना मला कसंतरीच झालं. माझ्या पत्रातही बेव्हिस यांचा उल्लेख होता. बहुतेक पत्रांत असतो. वाचणाऱ्याला वाटतं, सर्वोच्च न्यायालयाने आपल्याबद्दलच काही म्हटलंय.

पण तिथे प्रश्न दोन तास छप्पन्न मिनिटांचा होता. माझ्या गाडीची डिकी उघडी होती. कंपनीने स्वतः पाठवलेल्या दोन्ही फोटोंत ती उघडी दिसत होती. पहिला फोटो ११ वाजून ४ मिनिटांचा, दुसरा ११ वाजून १० मिनिटांचा, आणि दोन्हीमध्ये मागच्या सीटवर गादीची गुंडाळी.

याच प्रश्नावर ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टात २०१६ साली अपिलात एक निकाल लागला आहे: जॉपसन विरुद्ध होमगार्ड सर्व्हिसेस. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका बाईने टेबल उतरवण्यासाठी दाराजवळ गाडी थांबवली आणि तिला पार्किंगचं पत्र आलं. हो, टेबलच. न्यायाधीशांनी विचारलं की थांबणं आणि पार्क करणं एकच का? माणसं चढ-उतार करायला, सामान घालायला-काढायला किंवा पंक्चर झालेलं चाक बदलायला लागणारा वेळ म्हणजे पार्किंग नव्हे. नाहीतर ट्रॅफिक जॅममध्ये अडकलेल्या सगळ्या गाड्या पार्क केलेल्या ठरतील. घर बदलणाऱ्यांच्या सामानाच्या गाड्या आणि माल पोचवणाऱ्या व्हॅन यांच्याकडून जर असे पैसे घेतले, तर फ्लॅटच्या इमारतीत राहणंच अशक्य होईल. शिवाय तिच्या भाडेकरारात येण्याजाण्याचा हक्क होता आणि एका पाटीने तो काढून घेता येत नाही, असंही त्यांनी म्हटलं. काउंटी कोर्टाचा निकाल इतर कोर्टांवर बंधनकारक नसतो, पण अपिलातला असल्याने त्याला वजन आहे.

मी माझा भाडेकरार काढला. चौदाव्या पानावर, कचऱ्याच्या डब्यांच्या नियमांच्या वर, 'सामाईक भागांतून येण्याजाण्याचा हक्क' होता.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट, कारण मला स्वतःला ती माहीत नव्हती. नगरपालिकेची नोटीस आणि खासगी कंपनीचं पत्र, दोन्हींची आद्याक्षरं एकच: पीसीएन. पहिल्यात पी म्हणजे पेनल्टी, दुसऱ्यात पार्किंग. पिवळं-काळं पाकीटही सारखं. पण दुसरं हा दंड नाही. कंपनीने मागितलेलं ते बिल आहे. गुन्ह्याशी त्याचा संबंध नाही. व्हिसावर राहणारी माझ्यासारखी माणसं 'पीसीएन' वाचून आधी नोकरी, मग नागरिकत्व, मग आईला काय सांगायचं इथपर्यंत पोचतात आणि पैसे भरून मोकळी होतात. म्हणजे फेकूनही द्यायचं नाही. बिल न भरता गप्प बसलं तर वसुलीवाल्यांची पत्रं येतात आणि रक्कम ७० पौंडांनी फुगते (दाणापाण्याचा खर्च म्हणा), आणि कंपनी काउंटी कोर्टात गेली तर खरा धोका घर बदलणाऱ्यालाच असतो. कोर्टाचे कागद जुन्या पत्त्यावर जातात, उत्तर दिलं जात नाही, एकतर्फी निकाल लागतो. महिन्याच्या आत पैसे भरले नाहीत तर तो निकाल सहा वर्षं नोंदीत राहतो, आणि हे कळतं ते पुढचं घर भाड्याने घेताना. तेव्हा घर बदललं की लायसन्स आणि गाडीच्या नोंदीवरचा पत्ता त्याच आठवड्यात बदला. हे मी कळकळीने सांगते आहे.

मी कंपनीला लिहिलं की गाडी मी चालवत होते. जाणकार म्हणतात, असं लगेच कबूल करू नये; नोंदणीदाराला पाठवायच्या पत्रात कंपनीने मुदतीची किंवा मजकुराची चूक केली असेल तर तो बचाव हातचा जातो. त्यांचं खरं आहे. पण पुढची पत्रं काकांच्या दारात नको होती मला. पत्र एका पानाचं होतं. गाडी पार्क केली नव्हती, सामान उतरवत होते, तुमच्याच फोटोत डिकी उघडी आहे. हा माझा भाडेकरार, हा ऑक्सफर्डचा निकाल. शेवटी पाटीबद्दल: तुमची पाटी म्हणते 'परवाना नसलेल्यांना पार्किंग मनाई'. मनाई असेल तर तुम्ही मला देऊ काय केलं होतंत, ज्याचा करार व्हावा? ती ओळ लिहिताना मला जरा जास्तच मजा आली, हे कबूल करते.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. त्यात माझ्या एकाही मुद्द्याला उत्तर नव्हतं. आवारात पाट्या स्पष्ट आहेत, अटी बंधनकारक आहेत, अपील फेटाळलं आहे. सवलतीचे साठ पौंड अजून चौदा दिवस उपलब्ध आहेत.

काकू म्हणाल्या, "अगं, एवढं लिहूनही तेच म्हणतायत, तर आता दे बाई सोडून." काका काही बोलले नाहीत. मला तेव्हा खरंच भीती वाटली. अपील हरले तर शंभर पूर्ण भरावे लागणार होते, आणि माझा करार मार्चमध्ये संपत होता. रात्री दीड वाजता मी बँकेचं ॲप उघडून साठ पौंड भरायच्या पानापर्यंत गेले होते.

ती कंपनी ज्या संघटनेची सभासद आहे, तिच्या सभासदांविरुद्धची अपिलं पोप्ला नावाची संस्था ऐकते. २०१२ साली, जबड्यावर बंदी आली त्याच दिवशी ती सुरू झाली. अपील करायला पैसे लागत नाहीत. कंपनीने नकार दिल्यापासून २८ दिवसांत करायचं. निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. संसदेने २०१९ मध्ये याहून भक्कम व्यवस्थेसाठी कायदा केला. सरकारी आचारसंहिता २०२२च्या फेब्रुवारीत निघाली, तिच्यात बहुतेक ठिकाणी ५० पौंडांची मर्यादा होती. कंपन्या कोर्टात गेल्या आणि जूनमध्ये सरकारने ती मागे घेतली. त्यामुळे माझ्या पत्रावर अजून शंभरच होते.

मी अपील भरलं. तेच एक पान, त्यात फोटो जोडले, अंगणातल्या पाटीचा स्वतः काढलेला फोटो जोडला. पाटी कचऱ्याच्या डब्यांच्या मागे, दीड माणूस उंचीवर, आणि शंभर पौंडांचा आकडा सगळ्यात बारीक अक्षरांत.

सातव्या आठवड्यात दोन ओळींचं ईमेल आलं. कंपनीने आपली बाजू मांडायची नाही असं ठरवलं होतं, पत्र रद्द. का, ते लिहिलं नव्हतं. निकाल लागलाच नाही, त्यामुळे ऑक्सफर्डच्या न्यायाधीशांचं म्हणणं माझ्या अंगणाला लागू होतं की नाही, हे कुणी ठरवलं नाही. पाटी अजून तिथेच आहे. परवा तिसऱ्या मजल्यावर राहायला आलेल्या मुलाला मी भाडेकरारातलं चौदावं पान दाखवलं आणि सोफा उतरेपर्यंत खाली गाडीपाशी उभी राहिले.

काकांना कळवलं तेव्हा ते बराच वेळ "छान, छान" म्हणत राहिले. रविवारी जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. हॉस्पिटलच्या, सुपरमार्केटच्या आणि एकदा मुलीला विद्यापीठात सोडायला गेले तिथल्या कार पार्कच्या, अशा पाच पावत्या. सगळ्या भरलेल्या, तारखा घातलेल्या, पिनांनी जोडलेल्या. त्यांनी चष्मा लावला आणि मुलीच्या वसतिगृहाबाहेरची पावती माझ्यासमोर सरकवली.

"ह्यात बघ," ते म्हणाले, "मागचं दार उघडंच आहे ना?"